सहलीचं तयार किट घ्यावं की पेठांतून जमवावं? हंपी-बदामीला निघालेल्या ४० मुलांसाठी

जानेवारी लागला की पुण्यातल्या शाळांमध्ये सहलीची गडबड सुरू होते, आणि तिच्या मागोमाग 'तयार किट' पुरवणारेही शाळेत येतात. शाळेचं नाव छापलेला टी-शर्ट, टोपी, पाण्याची बाटली, गळ्यात अडकवायचं ओळखपत्र, सनस्क्रीनची चिमुकली ट्यूब, प्रश्नपत्रिकांची पुस्तिका आणि हे सगळं मावेल अशी दोरीची पिशवी. एकाच ठिकाणी एकाच बिलात काम होतं, त्यामुळे मुख्याध्यापकांना ते सोयीचं वाटतं. अशा किटमधली एकेक वस्तू उन्हात कितपत टिकते, आणि तिच्या जागी पुण्याच्या बाजारातून काय घेता येईल, ते इथे तपासलं आहे. कसोटी फेब्रुवारीतल्या चार दिवसांच्या सहलीची धरली आहे: बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि हंपी, सातवी ते नववीची ४० मुलं, ४ शिक्षक, एक बस.

निकाल आधीच सांगून टाकतो. ओळखपत्र आणि पिशवी घ्यावी. बाकीच्यासाठी पेठांत एक फेरी मारावी.

कारण या सहलीत अडचण उन्हाच्या आकड्याची नसते, बदलाची असते. पुण्यात फेब्रुवारीच्या पहाटे स्वेटर लागतो. रात्री स्वेटर घालून बसमध्ये चढलेलं मूल दुसऱ्या दिवशी दुपारी तेहतीस-चौतीस अंशांत, सावली नसलेल्या दगडावर उभं असतं. हंपीचे खडक ग्रॅनाइटचे. ते सकाळभर तापतात आणि दुपारी खालूनही धग देतात. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात आणि मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून सावली आणि पाणी या दोन गोष्टींवर पैसे खर्च करावेत. किटमध्ये नेमक्या याच दोन गोष्टी सगळ्यांत कच्च्या असतात.

आधी टोपी. किटमध्ये पुढे चोच असलेली क्रिकेटची टोपी येते. तिने कपाळ आणि नाक झाकलं जातं. कान आणि मान उघडीच राहतात. शिल्प पाहताना मुलं मान वर करतात आणि वहीत लिहिताना खाली घालतात, त्यामुळे मानेची मागची बाजूच सर्वांत आधी भाजते. तुळशीबागेत चहूबाजूंनी काठ असलेल्या सुती टोप्या मिळतात, त्या घ्याव्यात. काठ ७ ते ८ सेंटिमीटर हवा. घेण्यापूर्वी काठ चिमटीत धरून वाकवून पाहा. करकर आवाज आला तर आत पुठ्ठा आहे. घामानं किंवा पाण्यानं एकदा भिजला की तो लोंबतो आणि डोळ्यांवर येतो. हनुवटीखाली बांधायची दोरी हवीच, नाहीतर बसच्या खिडकीतून किंवा टेकडीवरच्या वाऱ्यात पहिल्याच दिवशी पाच-सहा टोप्या जातात. टोपी किंचित सैल घ्यावी: कपाळ आणि टोपी यांच्यामध्ये दोन बोटं सहज जावीत. घट्ट टोपीनं डोकं तापतं, आणि मुलं ती काढून पिशवीत टाकतात.

टोपीबरोबर प्रत्येकाला एक सुती पंचा. या यादीतली सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत गुणी वस्तू हीच आहे. भिजवून पिळून मानेवर टाकला की कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि अंगातली उष्णता घेऊन जातं. हंपी-बदामीच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो. तीच सहल मालवणला असेल तर दमट हवेत पंचा ओलाच राहतो आणि गारवा येत नाही. तिथे पंख्यावर आणि सावलीतल्या विश्रांतीवर भर द्यावा लागतो. कोरा पंचा घरी दोनदा धुऊन मगच द्यावा, कारण खळ असेपर्यंत तो पाणी शोषत नाही. एक सूचना मुलींसाठी. पुण्यात दुचाकीवर तोंडाला स्कार्फ गच्च बांधायची सवय असते, पण चढ चढताना तसा बांधू नये. नाक-तोंड मोकळं ठेवून डोकं आणि मान तेवढी झाकावी.

आता पाणी. इथे जरा थांबावं लागेल, कारण बहुतेक सहली इथेच चुकतात.

किटमधली बाटली सहसा अर्धा लिटरची, नळी असलेली असते. उन्हात चालताना ९ ते १२ वर्षांच्या मुलानं दर २० मिनिटांनी १०० ते २५० मिली पाणी प्यावं असं क्रीडावैद्यक सांगतं. म्हणजे तासाला ३०० ते ७५० मिली. म्हणजे तासाला ३०० ते ७५० मिली. हंपीतल्या विठ्ठल मंदिराची फेरी गाडीतळापासून परत गाडीतळापर्यंत धरली तर दोन-अडीच तासांची होते, आणि अर्ध्या लिटरची बाटली पहिल्या तासातच संपते. प्रत्येकाकडे १ लिटरची बाटली हवी. बसमध्ये भरलेले जार हवेत. हिशोब सोपा आहे: ४४ माणसं, दिवसाला माणशी ३ लिटर, म्हणजे १३२ लिटर. वीस लिटरचे सात जार भरले की १४० होतात. सकाळी निघताना सातही भरलेले असावेत आणि जारना खाली तोटी असावी, कारण जार तिरका करून ४० बाटल्या भरायला अर्धा तास जातो आणि निम्मं पाणी सांडतं. तोट्या, नरसाळी, जास्तीची झाकणं हे सगळं रविवार पेठेतल्या बोहरी आळीत घाऊक मिळतं. बाटल्याही तिथेच पाहाव्यात.

बाटली निवडताना नळीची नको. नळीत मीठ-साखरेचं पाणी साचून चिकट होतं, ती नीट धुता येत नाही आणि दुसऱ्या दिवशी वास मारते. रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची साधी बाटली बरी. झाकणातली रबरी चकती निघून परत बसते का ते दुकानातच पाहा, आणि बाटली भरून उलटी धरा. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली पाणी गार ठेवते, पण रिकामीच जड असते. दिवसभर खांद्यावर वागवायला सातवीच्या मुलाला ती नको होते. एकेरी स्टीलची किंवा चांगल्या प्लास्टिकची बाटली घ्यावी आणि तिच्याभोवती ओलं फडकं गुंडाळावं. काही दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतात आणि 'चिकटत नाही, म्हणजे उत्तम स्टील' असं सांगतात. ही खूण पुरेशी नाही. ३०४ प्रतीचं स्टील चुंबकाला धरत नाही हे खरं, पण निकेल कमी असलेलं हलक्या प्रतीचं २०१ स्टीलही सहसा धरत नाही. बाटलीवरचा आयएसआयचा शिक्का आणि प्रत पाहून घ्या. तांबट आळीतल्या तांब्याच्या बाटल्या देखण्या असतात, आणि साध्या पाण्यापुरत्या चालतात. लिंबू सरबत, कोकम किंवा ओआरएस मात्र त्यात कधीही भरू नये. आंबट पाण्यात तांबं उतरतं आणि मुलांना मळमळ, उलट्या होतात. हे पालकसभेत स्पष्ट सांगावं लागतं, कारण घराघरांत त्या बाटल्या आहेत.

बाटली असूनही मुलं पीत नाहीत, हाही भाग आहे. वाटेत लघवीला जागा मिळणार नाही या भीतीनं मुली पाणी टाळतात. यावर उपदेशाचा उपयोग होत नाही. दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृहाची जागा ठरलेली असावी आणि ती सकाळीच मुलींना सांगावी. शिवाय दर २० मिनिटांनी शिट्टी, आणि शिट्टी झाली की सगळ्यांनी पाच-सहा घोट. तहान लागण्याची वाट पाहायची नाही. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरतं आहे. गडद झाला तर कमी पडतं आहे. ही खूण मुलांना एकदा समजली की ती स्वतःच लक्ष ठेवतात.

नुसतं पाणी लिटरच्या लिटर पाजणंही चूक आहे. घामातून मीठ जातं आणि वर साधंच पाणी ओतलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. त्यासाठी जेवण चुकवू देऊ नये आणि मधल्या वेळेला खारं काहीतरी द्यावं: खारे शेंगदाणे, खाकरा, मीठ लावलेली काकडी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत. मंडईतून लिंबं घ्या, दोन दिवसांची पुरतात. दही, पनीर, क्रीम घातलेलं काहीही डब्यात नको. शिजवलेलं अन्न ३२ अंशांच्या वरच्या हवेत तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर ठेवू नये, त्यामुळे सकाळी बांधून घेतलेल्या भाजी-पोळीवर दुपारी दोनला जेवायचं नियोजनच चुकीचं.

ओआरएस खरेदीसाठी सदाशिव पेठेतला औषधांचा घाऊक बाजार सोयीचा आहे. पाकिटावर दोन गोष्टी पाहा: जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख, आणि किती पाण्यात मिसळायचं ते. सूत्राप्रमाणे १ लिटर पाण्यात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. म्हणून मोठी पाकिटं २१ ग्रॅमच्या आसपास भरतात आणि ती पूर्ण १ लिटरसाठी असतात, साधारण ४.४ ग्रॅमचं छोटं पाकीट २०० मिलीसाठी. सर्वांत जास्त घडणारी चूक म्हणजे मोठं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणं. असं दुप्पट दाट पाणी तहान वाढवतं, पोट बिघडवतं. किटमध्ये अर्ध्या लिटरची बाटली असणं या कारणानेही वाईट. एकदा कालवलेलं ओआरएस २४ तासांनंतर टाकून द्यावं. फळांच्या चवीची, खोक्यातली गोड पेयं ओआरएस म्हणून घेऊ नका. सूत्रात न बसणाऱ्या पेयांनी नावात 'ओआरएस' वापरू नये असा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये काढला आहे. तरी खोक्याची मागची बाजू वाचायची सवय ठेवलेली बरी. ४४ माणसांना चार दिवसांसाठी १ लिटरची ३० पाकिटं पुरेशी होतात. ती रोज सगळ्यांना द्यायची नसतात. पेटके आले, उलटी-जुलाब झाले, डोकं जड झालं, अशांसाठी ती राखून ठेवायची.

टी-शर्टबद्दल. किटमधल्या टी-शर्टवर रंगीत, झगझगीत, छातीभर चित्र असतं. ते सब्लिमेशन छपाईचं, म्हणजे उष्णतेनं शाई कापडात उतरवलेलं असतं, आणि ही छपाई पॉलिएस्टरवरच पकडते. म्हणजे चित्र जितकं झगझगीत, तितका टी-शर्ट सुती नसण्याची खात्री. खेळाडूंसाठी विणलेलं जाळीदार पॉलिएस्टर घाम लवकर उडवतं, पण किटात येणारं गच्च विणीचं असतं. ते अंगाला चिकटतं आणि घामोळं उठतं. पुरवठादाराकडून नमुना मागवा, शिवणीच्या आतल्या कडेतून कापडाचा एक धागा काढा आणि जाळा (शिलाईचा दोरा नको, तो सुती टी-शर्टलाही बहुधा पॉलिएस्टरचा असतो). वितळून टोकाला कडक मणी झाला तर पॉलिएस्टर. कागद जळल्यासारखा वास येऊन भुरभुरीत राख झाली तर सूत. शाळेचं नाव हवंच असेल तर फिक्या रंगाच्या सुती कापडावर एका रंगात छोटं नाव स्क्रीन छपाईनं टाकून घ्या. १६० ते १८० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) वजनाचं कापड पुरतं. बाह्या पूर्ण लांब आणि सैल हव्यात. गणवेशाची टेरिकॉटची पँट एक दिवसही नको.

पूर्ण बाह्यांचं महत्त्व सनस्क्रीनचा हिशोब केला की कळतं. चेहरा, मान आणि दोन्ही उघडे हात झाकायला मुलाला एका वेळी साधारण ५ मिली लागतं. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं, म्हणजे दिवसातून तीनदा धरलं तरी १५ मिली. किटमधली १५-२० मिलीची ट्यूब एका दिवसात संपते. बाह्या पूर्ण असतील तर चेहरा, मान आणि पंजे एवढंच उरतं. एसपीएफ ३० चं सनस्क्रीन त्वचा भाजणारे यूव्हीबी किरण सुमारे ९७ टक्के अडवतं आणि ५० सुमारे ९८. या एका टक्क्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत, ते प्रमाण वाढवायला वापरावेत. उन्हात जायच्या २० मिनिटं आधी लावावं. ट्यूब उभ्या बसमध्ये डॅशबोर्डवर ठेवली की खराब होते.

पायांकडे किट पाहतच नाही. सहलीसाठी नवे बूट घेऊ नका. घ्यायचेच असतील तर निघण्याआधी १५ दिवस रोज घालून रुळवून घ्या. टाचेला फोड आलेलं मूल दुसऱ्या दिवसापासून बसमध्येच बसतं. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात आणि बदामीजवळच्या बनशंकरीला पूजा चालू असल्यामुळे पादत्राणं बाहेर काढावी लागतात, आणि दुपारी अंगणातला दगड तळवे भाजण्याइतका तापलेला असतो. जाड सुती मोज्यांचा एक जादा जोड पिशवीत हवा. मात्र घासून गुळगुळीत झालेल्या पायऱ्यांवर मोजे सटकतात. पायऱ्या आल्या की मोजे काढायचे आणि सावलीच्या कडेनं चालायचं. त्याहून सोपं म्हणजे ही दोन्ही मंदिरं सकाळी आठच्या आत करणं.

पुस्तिका गुळगुळीत चकचकीत कागदाची असते. उन्हात तिच्यावर प्रकाश परावर्तित होऊन अक्षर दिसत नाही, आणि घामट हातानं जेलपेनची शाई पसरते. अप्पा बळवंत चौकातून साधा मॅट कागद, मागे पुठ्ठ्याचा चिमटा-पॅड आणि पेन्सिली घ्या. प्रश्न स्वतः काढा. बदामीच्या तिसऱ्या लेण्यात इ. स. ५७८ चा शिलालेख आहे. ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर कवी रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा लेख आहे. त्यात चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीनं ९९ हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर, म्हणजे महाराष्ट्राच्या तीन भागांवर, सत्ता मिळवल्याचा उल्लेख आहे. पुण्याच्या मुलांनी एवढ्या लांब जाऊन हा लेख न पाहताच परतणं मनाला लागतं, आणि ते घडतं, कारण मेगुती दुपारी ठेवलेली असते आणि मुलं चढ पाहूनच नको म्हणतात. ती सकाळची पहिली जागा असावी. दुपारी बारा ते साडेतीन छपराखाली: हंपीच्या दिवशी कमलापूरचं पुरातत्त्व संग्रहालय, बदामीच्या दिवशी तिथलं. दोन्ही शुक्रवारी बंद असतात, तेव्हा बसची तारीख ठरवतानाच वार पाहा. बदामीच्या पायऱ्यांवर माकडं फार. हातात प्लास्टिकची पिशवी किंवा खाऊ दिसला की झडप घालतात. किटमधली दोरीची पिशवी पाठीवर बंद राहते, म्हणून ती ठेवावी असं वर म्हटलं.

सामान जमलं तरी सराव नसेल तर निम्मं वाया जातं. निघण्याआधी दहा शाळेचे दिवस राखा. पहिले तीन दिवस सकाळी दहानंतर मैदानावर २० मिनिटं चालणं, पुढचे चार दिवस ४० मिनिटं, शेवटचे तीन दिवस तासभर. टोपी, पूर्ण बाह्या, भरलेली बाटली आणि शिट्टी सगळं सहलीसारखंच. एक दिवस पर्वतीच्या १०३ पायऱ्या हीच पिशवी पाठीवर घेऊन चढवा. कोणाचा बूट चावतो आणि कोणाची बाटली गळते ते तिथेच समजतं. आणि अर्धा दिवस जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वराला. अखंड खडकात कोरलेलं देऊळ कसं वाचायचं, खांब कसे मोजायचे, आराखडा कसा काढायचा याची तालीम शहराच्या मध्यातच होते, आणि बदामीत तोच वेळ वाचतो.

औषधांची पेटी किटमध्ये नसते. ती शाळेनं करावी. डिजिटल तापमापक दोन. कपाळासमोर धरायचा इन्फ्रारेड तापमापक उन्हात तापलेल्या त्वचेचा आकडा दाखवतो, त्यावर विसंबू नये. कॅलामाइन, जखमेच्या पट्ट्या, फोडांसाठी मऊ चिकटपट्टी, सॅनिटरी पॅड, आणि पालकांच्या लेखी संमतीनं गाडी लागण्याच्या गोळ्या. दमा किंवा मधुमेह असलेल्या मुलाची औषधं शिक्षकाच्या अंगावरच्या पिशवीत असावीत; उभ्या बसमध्ये इन्सुलिन निकामी होतं. चक्कर, भरपूर घाम, मळमळ असेल तर सावलीत आडवं करा, पाय उंच, ओआरएसचे घोट. मूल असंबद्ध बोलू लागलं, चालताना झोकांडलं किंवा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर गेला तर तो उष्माघात. त्या वेळी पाजण्यात वेळ घालवू नका आणि तापाची गोळी देऊ नका, तिचा इथे उपयोग नसतो. कपडे सैल करून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. कर्नाटकातही रुग्णवाहिकेचा क्रमांक हाच आहे.

राहिलं ओळखपत्र. किटमधलं लॅमिनेटेड कार्ड चांगलं असतं, फक्त दोन दुरुस्त्या करून घ्या. गळ्यातली पट्टी ओढ बसली की सुटणाऱ्या खटक्याची हवी. आणि कार्डावर घरचा पत्ता नको. पुढे नाव आणि शाळा, मागे सोबत असलेल्या दोन शिक्षकांचे मोबाइल क्रमांक, रक्तगट आणि ॲलर्जी. मजकूर मराठीबरोबर कन्नड आणि इंग्रजीतही छापून घ्या. चुकलेलं मूल ज्याला भेटेल त्याला मराठी येत असेल असं नाही.